हळूबाच्या रक्तात काय सापडलं

सुईबाई आल्याचं गाईंना आधी कळायचं. तिच्या अंगावरच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या झग्याची सळसळ झाली की ओळीतली पहिली गाय मान वर करायची आणि सरळ पान्हा चोरायची. मग हळूबा खड्ड्यातून ओरडायचा, "अहो बाई, जरा लांब उभ्या राहा, माझं दूध अडलंय!" आणि ती बिचारी हातातला निळा डबा सांभाळत, भिंतीला पाठ लावून, धार संपेपर्यंत उभी राहायची. डॉक्टर होती, विषाणूंवर संशोधन करणारी, मोठी शिकलेली. पण गोठ्यात तिची किंमत शेणाच्या घमेल्याएवढी. तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

आता हा खड्डा कसला ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मोठ्या गोठ्यात माणूस गाईपाशी उकिडवा बसत नाही. एवढ्या गाईंखाली बसून धार काढायची तर गुडघे आणि कंबर दोन्ही घरी ठेवून यावं लागेल. तिथं गाई ओट्यावर दोन्ही बाजूंनी ओळीनं उभ्या राहतात आणि माणूस मधल्या खोलगट वाटेत उतरतो, म्हणजे कास बरोबर तोंडासमोर येते. सड धुवायचे, पुसायचे, पहिल्या धारा हातानं काढून दुधात गाठीबिठी नाहीत ना ते बघायचं, आणि मग यंत्राच्या नळ्या लावायच्या. सगळं तोंडासमोर. दूध उडलं तर तोंडावर, शेणाचा शिंतोडा आला तर तोंडावर, शेपटीचा फटका बसला तर थेट डोळ्यात. हे काम हळूबा तरुणपणापासून करत आला होता, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. गाईला सुट्टी नसते, म्हणून त्यालाही आठवड्यातून एकच, तीही बदली माणूस आला तर.

हळूबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. नवी गाय लाथा झाडायला लागली की तो तिच्या मांडीवर हात ठेवून "हळू बाबा, हळू" म्हणत राहायचा, ती गार होईपर्यंत. गोठ्यातल्या टवाळांनी त्याचं हळूबा करून टाकलं. बायको चिडली की तीही तेच म्हणायची, आणि खूश असली की "गाईंचा नवरा". आता दोन्ही म्हणणारी ती राहिली नव्हती, आणि माणूस थकला होता. झोपून उठला तरी थकलेलाच उठायचा. यंत्राच्या नळ्या लावता लावता उभ्या उभ्या डोळा लागायचा आणि गाईनं पाय हलवला की दचकून जागा व्हायचा.

त्या दुपारी धार आटोपली. हळूबानं कोपरापर्यंत हात धुतले आणि नेहमीसारखा बाही वर सरकवून दुधाच्या टाकीच्या खोलीत स्टुलावर बसला.

"घ्या किती घ्यायचं ते," तो म्हणाला. "गाय भाकड झाली की तिला तरी सोडतात. तुमची धार काही थांबत नाही."

सुईबाई एरवी हसायची. आज हसली नाही. तिनं रक्त घेतलं, कापूस दाबायला दिला आणि म्हणाली, "दादा, लगेच उठू नका. तुमच्या आधीच्या रक्ताचा निकाल आलाय."

"आला का एकदाचा? मला वाटलं, मी गेल्यावर येतोय."

"गेल्या वर्षी गाईंना जो आजार आला होता ना, तो तुम्हालाही होऊन गेलाय. रक्तात त्याची खूण आहे, अगदी स्पष्ट. तुम्ही आता ठणठणीत आहात, घाबरण्यासारखं काही नाही. पण तुम्हाला सांगणं माझं काम."

हळूबानं कापूस उचलून बघितला, परत दाबला. "दुधातून होतो का हो तो?"

"कच्च्या दुधातून होऊ शकतो. गाईंच्या दुधातच तर तो सगळ्यात जास्त सापडला होता."

"आणि उकळलं तर?"

"उकळलं की संपला."

हळूबाच्या छातीत धस्स झालं. त्यानं बाही खाली ओढली. सुईबाईला वाटलं, म्हातारा स्वतःच्या जिवाला घाबरला.

गेल्या वर्षी झालं होतं असं. थंडीच्या दिवसांत गाई एकाएकी चारा सोडायला लागल्या. दूध निम्म्यावर आलं, आणि जे यायचं ते चिकासारखं पिवळं, घट्ट. गुरांच्या डॉक्टरनं कास सुजल्याची औषधं दिली, त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. मग गोठ्यातली मांजरं मरायला लागली. ही मांजरं धारेच्या वेळी खड्ड्याच्या कडेला रांग धरून बसायची आणि हळूबा पहिली धार नेम धरून थेट त्यांच्या तोंडात उडवायचा. गोठ्यातला प्रत्येक माणूस उडवतो. त्या कामात दुसरी करमणूक ती कोणती? ती मांजरं गोल गोल फिरायला लागली, भिंतीवर आपटायला लागली, आणि एकेक करून गेली. त्याच सुमाराला गड्यांचे डोळे आले. हळूबाचे तर असे लाल झाले की मालकानं विचारलं, रात्री कुठं बसला होतास? मालकानं चष्मे वाटले होते, पण खड्ड्यातल्या वाफेनं ते धुरकट व्हायचे, आणि धुरकट चष्म्यातून सड दिसणार कसे? ते सगळे खिळ्याला लटकत राहिले. डोळा खाजला की दंडानं पुसायचा, आणि दंड दुधानं भिजलेला. शेवटी लांबच्या प्रयोगशाळेतून कळलं की हा पक्ष्यांचा फ्लू आहे, रानबदकांकडून कसा कोण जाणे गाईंमध्ये शिरला. तेव्हापासून सुईबाई यायला लागली. जनावराचा रोग माणसात किती उतरतो, कुणाला नुसते डोळे येतात आणि कुणाच्या जिवावर बेततं, हे तिला शोधायचं होतं.

पण हे सगळं कळायच्या आधीच हळूबाची बायको गेली होती.

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. अंगात ताकद यावी म्हणून हळूबा रोज धारेवरून येताना तिच्यासाठी बरणीभर दूध आणायचा, गाईच्या अंगाची ऊब अजून त्यात असायची. धारोष्ण. उकळू द्यायचा नाही. "उकळलं की त्यातला जीव जातो," म्हणायचा. यावरून लेकीशी त्याची रोज जुंपायची. लेक बालवाडीत शिकवायची, स्वच्छतेची भारी कडक. "बाबा, ते उकळून द्या हो आईला," ती म्हणायची, आणि हळूबा म्हणायचा, "तुला याच दुधावर वाढवलं, मेलीस का?" बायको दोघांचं ऐकून घ्यायची आणि पेला तोंडाला लावायची. "गाईंच्या नवऱ्यानं आणलंय, प्यायला नको का?"

ऑपरेशननंतर आईची शुश्रूषा करायला लेक आपल्या तान्ह्या पोरीला घेऊन माहेरी आली होती. येताना बालवाडीतल्या मुलांकडून सर्दी-खोकला घेऊन आली. थोडी कणकण होती. म्हटलं, असते या दिवसांत. आठवडा गेला नाही तर आईला ताप चढला. मग दम लागला. हॉस्पिटलमध्ये नाकात काडी घालून तपासलं आणि फ्लू आहे म्हणून सांगितलं. कुठला फ्लू हे कुणी विचारलं नाही; थंडीचे दिवस, सगळा वॉर्डच खोकत होता. बायको गेली.

आणि लेकीनं ते सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. "मी आणलं ते घरात," ती म्हणाली. "खोकत होते तरी आईच्या उशाशी बसले. मी मारलं आईला." त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, दुःखात माणूस बोलतं असं. पण ते तिथंच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगावी तरी कशाला लागली असती?

त्या दिवसापासून तिनं आपल्या पोरीला जवळ घेणं सोडलं. घरात तोंडाला मास्क. हात धुवून धुवून बोटांची सालं निघालेली. नोकरी सोडली. पोरीला न्हाऊ घालायचं, भरवायचं, झोपवायचं, सगळं जावयाकडे. ही दुसऱ्या खोलीत, दाराला आतून कडी. पोर चालायला लागली ती बापाचं बोट धरून. "आई, आई" करत दारावर थापा मारायची, आणि आई दाराच्या आतल्या बाजूला बसून रडायची. डॉक्टर झाले, समजावणाऱ्या बाई झाल्या, गोळ्या झाल्या. नवऱ्यानं हात जोडले. अगं, फ्लू गावभर होता, कुणाकडूनही आला असेल. ती मान हलवायची आणि पुन्हा नळाशी जायची.

हळूबा सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जायचा. नातीला मांडीवर घेऊन बसायचा आणि लेक दारातूनच, लांबून, "बाबा, जेवलात का?" विचारायची. बायको गेली, तिला तो काही परत आणू शकत नव्हता. पण लेक डोळ्यांदेखत चालली होती आणि पोर आई असून पोरकी झाली होती. त्याला या जगात आता एकच गोष्ट हवी होती. लेकीनं आपल्या पोरीला उचलून कडेवर घ्यावं. बस.

म्हणून त्या दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या त्याच्या मनात जे आलं ते जरा विचित्रच होतं. आधी धस्स झालं ते खरं, की म्हणजे माझ्या बरणीनं गेली का बायको? डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि मग दुसऱ्याच क्षणी त्या अंधारात त्याला बरं वाटलं. मी मारलं असेल, तर पोरीनं नाही मारलं.

"बाई," तो म्हणाला, "हॉस्पिटलात नाकात काड्या घालतात, त्या नंतर फेकून देतात का?"

"का हो?"

"माझ्या बायकोच्या नाकात घातली होती."

सुईबाईनं निळा डबा बंद करता करता मध्येच सोडला. ती त्याच्यासमोर उलट्या बादलीवर बसली आणि हळूबानं तिला सगळं सांगितलं: बरणी, लेकीचा खोकला, नातीच्या थापा. तिनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या थंडीतल्या बऱ्याचशा काड्या आमच्याकडे ठेवायला आल्यात. शोधावं लागेल. तेव्हा हॉस्पिटलमध्ये नुसतं फ्लू आहे एवढंच कळलं असणार. गाईंचा आणि माणसांचा, दोन्ही त्या साध्या तपासणीत सारखेच दिसतात. आता वेगळं करून बघता येईल. पण दादा, नीट विचार करा. गाईंचा निघाला तर ते ओझं तुम्हाला जन्मभर…"

"निघू दे की. निघावाच."

"आणि नाही निघाला तर?"

हळूबानं तिच्याकडे असं बघितलं जणू तिनं भलतंच काही विचारलं. "माझ्या रक्तात आहे म्हणता ना? मग तिच्यात नसायला काय झालं?"

संमतीसाठी त्याला तिच्या प्रयोगशाळेत जावं लागलं. चांगले कपडे घालून गेला, तरी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नाक मुरडलंच. शेणाचा वास धुवून जात नाही, तो कातडीतच मुरलेला. हळूबाला वाटलं होतं सगळं चकचकीत असेल. बघतो तर लांबच लांब बोळ, डोक्यावर गुरगुरणारी यंत्रं, भिंतीला पोपडे, आणि सुईबाईच्या टेबलावर अर्धा खाल्लेला पाव वाळून पडलेला. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. हळूबाला ते बघून थोडं आपल्यासारखं वाटलं.

"तुम्ही घरी कधी जाता हो?" त्यानं विचारलं.

"जाते की. अंघोळीला."

त्याला काचेबाहेर उभं करून तिनं आतला फ्रीजर उघडून दाखवला. आत पांढरी वाफ आणि खोक्यांवर खोकी. "हे वटवाघळांचं," ती म्हणाली, "हे डुकरांचं, हे तुमच्या गाईंचं. आणि हे माणसांचं."

"सगळे एकाच कपाटात?"

"विषाणूला कुठं वेगवेगळी कपाटं माहीत असतात?"

त्यातलं एक खोकं काढून तिनं चिमट्यानं एक नळी उचलली, त्याच्या बायकोच्या काडीची. करंगळीच्या पेराएवढी. तिच्यावर नुसता आकडा. ती नळी म्हणजे आपली बायको, हे हळूबाला काही केल्या पटेना. जिच्या बोलण्यानं घर भरायचं, जी त्याच्या शर्टाच्या खिशातला चारा झटकत रोज तेच तेच सुनवायची, तिचं एवढंच उरलं? त्याला रडू फुटलं. काचेला हात लावून तो रडला, आणि सुईबाई आतल्या बाजूला नळी धरून तशीच उभी राहिली, ठेवावी की धरावी हे न कळून.

मग वाट बघणं आलं. यंत्रावर नंबर लागायचा होता, मध्येच कुठल्याशा दुसऱ्या भागात कोंबड्या मरायला लागल्या आणि सुईबाई तिकडे धावली. हळूबाचा जीव टांगणीला लागला. खड्ड्यात उभा राहून तो लेकीला काय सांगायचं ते गाईंपुढे म्हणून बघायचा. "पोरी, तुझा काही दोष नव्हता." छे, हे सगळ्यांनी सांगून झालंय. "पोरी, ते माझं दूध होतं." हं, हे ठीक. कपाळावर चांद असलेली एक गाय होती, तिला गडी मास्तरीण म्हणायचे. ती रवंथ करता करता थांबून ऐकायची आणि नेमका शेपटीचा फटका द्यायची.

सुईबाई एका दुपारी आली ती झगा न घालता. गाईंनी पान्हा चोरला नाही. हळूबानं तिचा चेहरा बघितला आणि हातातल्या नळ्या खाली ठेवल्या.

"सापडलं?"

"सापडलं. दोनदा करून बघितलं मी." ती खड्ड्याच्या कडेवर उकिडवी बसली. "गाईंचा नाही, दादा. माणसांचाच. दर थंडीत येतो तो साधा फ्लू. तुमच्या दुधाचा काही संबंध नाही."

बायकोला आपण मारलं नाही, हे कळल्यावर माणसाला सुटल्यासारखं वाटायला हवं. हळूबाला वाटलं, कुणीतरी हातातली दोरी कापली.

"म्हणजे पोरीचाच?"

"तसं नाही म्हणता येत. हॉस्पिटलमधून आला असेल, ऑपरेशनच्या वेळी. भेटायला आलेल्या शेजाऱ्यांकडून आला असेल. तिचं तेव्हा कुणी तपासलंच नाही. ते आता कुणालाच सांगता येणार नाही, कधीच."

"तिला हे सांगितलं तर ती काय ऐकेल ठाऊक आहे? माणसांचा, एवढंच ऐकेल." हळूबा ओल्या ओट्याला टेकला. "बाई, तुम्ही गाईंचा होता म्हणून सांगाल का तिला?"

"नाही." ती पटकन म्हणाली, आणि मग हळू आवाजात, "नाही हो दादा. तेवढं एक मला नाही जमणार. माझ्या कामात तेवढंच तर खरं राहिलंय."

"बरोबर आहे," हळूबा म्हणाला. त्याला राग आला नाही. ती बाई अंघोळीपुरती घरी जायची, तिच्याकडून आणखी काय काढून घ्यायचं? "मग तुम्ही काहीच सांगू नका. माझ्या रक्तात सापडलं, ते तरी खरं ना?"

"ते खरं."

"ती विचारील कदाचित. एवढं सांगा. पुढचं माझ्याकडे."

सुईबाईनं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. तिला कळलं, तो काय करणार ते. ती नको म्हणाली नाही आणि हो म्हणाली नाही. उठली, डबा उचलला आणि गेली. त्या दिवशी रक्त घ्यायचं राहूनच गेलं.

हळूबा सुट्टीची वाट न बघता दुसऱ्या दिवशी लेकीकडे गेला. आयुष्यात त्याच्यावर खोटं बोलायची फारशी वेळ आली नव्हती. गाईंशी खोटं बोलून भागत नाही आणि बायकोला ते लगेच कळायचं. जावयानं दार उघडलं. नात धावत आली आणि त्याच्या मांडीवर चढली. लेक नेहमीसारखी आतल्या दारात, तोंडाला मास्क, ओले हात पुढे धरून.

"बाबा, आज कसे काय? काम नाही?"

"बस," हळूबा म्हणाला. "लांब बस, पण बस. सांगायचंय."

ती चौकटीला टेकून खाली बसली. हळूबा गाईंपुढे पाठ केलेलं सगळं विसरला. तो म्हणाला, "माझ्या रक्तात गाईंचा रोग सापडला. गेल्या वर्षीचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मग मी तुझ्या आईची काडी तपासायला लावली. तिच्यातही तोच सापडला. तुझा फ्लू नव्हता तो, पोरी. दुधातनं गेला. मी आणायचो त्या दुधातनं."



"तोच?" लेकीनं विचारलं. "नक्की?"

"दोनदा करून बघितलं त्यांनी."

लेक उठून उभी राहिली. आधी तिनं मनगटानं डोळे टिपले. हळूबाला वाटलं, आता रडेल, मोकळी होईल, आणि तो तिला जवळ घ्यायला उठू लागला.

"मी सांगत होते," ती म्हणाली. "रोज सांगत होते मी तुम्हाला. उकळा म्हणून." आणि मग ती ओरडली. एवढे दिवस जिचा आवाज दाराच्या फटीतून यायचा ती अशी ओरडली की जावई स्वयंपाकघरातून धावत आला. "जीव जातो म्हणालात ना दुधातला? दुधातला जीव वाचवलात आणि आईचा घेतलात! आणि मी इकडे… मी वर्षभर माझ्या पोरीला…" तिनं मास्क ओढून फेकला. "बाबा, तिला सोडा!" मग ती नवऱ्याकडे वळली. "तिला त्यांच्याकडे नका देऊ!" तिनं येऊन हळूबाच्या मांडीवरून पोरीला हिसकावून घेतलं, छातीशी धरलं, तिच्या केसांत तोंड खुपसलं आणि हुंदके देत म्हणाली, "बाबा, तुम्ही जा. जा म्हणते ना. मला तुमचं तोंड बघायचं नाही."

पोर आधी घाबरून गप्प झाली. मग तिनं आईच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि ते काही केल्या सोडेना.

हळूबा उठला. चप्पल पायात घालताना त्याला जोडी सापडेना, जावयानं शोधून दिली. जावयाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सासऱ्याकडे बघावं की बायकोकडे हे त्याला कळत नव्हतं. हळूबा बाहेर रस्त्यावर आला आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पायरीवर बसला. म्हातारबाबा, पाणी देऊ का, म्हणून दुकानदारानं विचारलं. त्यानं मानेनं नको म्हटलं. लेकीचे शब्द त्याला चांगलेच लागले होते. ते खरे नाहीत हे त्याला ठाऊक होतं, म्हणून काही कमी लागले नव्हते.

पुढे लेकीनं खरोखरच सुईबाईला फोन केला. बाबांच्या रक्तात सापडलं हे खरं का, एवढंच विचारलं. सुईबाई खरं म्हणाली. आईच्या नळीचं लेकीनं विचारलं नाही, आणि सुईबाईनं आपण होऊन सांगितलं नाही. हे तिनं हळूबाला धारेच्या वेळी सांगितलं, भिंतीला पाठ लावून, त्याच्याकडे न बघता.

आणि मग कधीतरी जावयाचा फोन आला. दुपारची धार सुरू व्हायची होती, गाई ओट्यावर चढत होत्या. जावई इकडचं तिकडचं बोलला, तब्येतीचं विचारलं, आणि अडखळत म्हणाला, "बाबा, ती अजून तुमचं नाव काढू देत नाही. तुम्ही येऊ नका म्हणते. मला फार वाईट वाटतं हो. वय झालंय तुमचं, एकटे राहता. थोडे दिवस जाऊ द्या, मी समजूत काढतो तिची. शेवटी तुम्ही काही मुद्दाम केलं नव्हतंत, हे कळेल तिला."

"नको," हळूबा म्हणाला. "समजूत काढू नका, जावईबापू. अजिबात काढू नका."

"अहो, पण का?"

"पोर कुठंय आत्ता?"

"आईपाशी झोपलीय. आता आईशिवाय झोपतच नाही. मला तर जवळ येऊ देत नाही लबाड."

हळूबानं डोळे पुसले, दंडानंच. "मग लेकीला माझ्यावर रागावू दे," तो म्हणाला. "तिचा राग जाऊ देऊ नका. मला झेपेल तो."

जावई आणखी काहीतरी म्हणत होता, पण मास्तरीण लाथा झाडायला लागली होती. हळूबानं फोन खिशात टाकला, खड्ड्यात उतरला आणि तिच्या मांडीवर हात ठेवला.